ॲडमिनर : स्क्रिप्टच्याच जागेवरून डेटाबेसचे दार ठोठावणारी फाइल

गेली अकरा वर्षे मी सांगलीतील एका बेदाणा शीतगृहाच्या आवक-जावकीची वेब प्रणाली सांभाळत आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागांतून बागायतदारांचा माल हंगामात येतो, वजनकाट्यावर गाडी उभी राहते, लॉट क्रमांक पडतो आणि पीएचपी या वेबसाठीच्या भाषेत लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) मायएसक्यूएल या प्रणालीच्या डेटाबेसमध्ये नोंद करून पावती छापते. स्क्रिप्ट डेटाबेसपर्यंत पोचली नाही तर पावती निघत नाही, पावती नसेल तर गाडी हलत नाही आणि काट्यावर एक गाडी अडकली की तिच्यामागे रांग लागते. त्यामुळे डेटाबेसची जोडणी का होत नाही, हे शोधण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला आहे. या शोधासाठी आजवर जी साधने हाताळली, त्यांपैकी ज्याच्यावर माझा सर्वांत अधिक विश्वास बसला त्या ॲडमिनरविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

ॲडमिनर म्हणजे पीएचपीची एकच फाइल. चेक प्रोग्रामर याकुब व्राना यांनी २००७ मध्ये पीएचपीमिनॲडमिन या नावाने ती लिहायला घेतली आणि पुढे तिचे आजचे नाव रूढ झाले. सुमारे अर्ध्या एमबीची ही फाइल वेबसर्व्हरवर ठेवायची, ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकायचा, की लॉगिनची चौकट समोर येते : डेटाबेसचा प्रकार, सर्व्हर, वापरकर्ता, पासवर्ड आणि डेटाबेसचे नाव. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीखेरीज पोस्टग्रेस, एसक्यूलाइट, एमएस एसक्यूएल या इतर डेटाबेस-प्रणालींशीही ती बोलते, आणि तिच्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. तक्ते पाहणे, ओळी दुरुस्त करणे, बॅकअप काढणे ही कामे ती नीटच करते. पण त्यांच्याविषयी मी येथे फारसे लिहिणार नाही. जोडणीच्या बिघाडात ती काय करते, एवढ्याच दृष्टीने मी तिच्याकडे पाहतो.

ॲडमिनरची माझ्या लेखी जी खरी किंमत आहे, ती ती कोठे उभी राहते यात आहे. आपली स्क्रिप्ट ज्या वेबसर्व्हरच्या ज्या फोल्डरात आहे, तेथेच ॲडमिनरची फाइल ठेवली की दोघींना तोच पीएचपी, तेच एक्स्टेन्शन (पीएचपीला डेटाबेसशी बोलू देणारा जोडभाग), तीच पीएचपी.आयएनआय ही सेटिंगची फाइल आणि त्याच प्रक्रियेचे अधिकार मिळतात. म्हणजे स्क्रिप्ट ज्या वाटेने डेटाबेसकडे जाते, त्याच वाटेने ॲडमिनरही जाते. वाटेत खड्डा असेल तर दोघीही पडतात. एकटी स्क्रिप्टच पडत असेल तर दोष वाटेचा नसून स्क्रिप्टचा आहे, हे पाच मिनिटांत सिद्ध होते. ऐकायला ही बाब अगदी साधी वाटते. परंतु टर्मिनलवरून, म्हणजे आदेश टाइप करण्याच्या खिडकीतून, मायएसक्यूएलचा क्लायंट (डेटाबेसशी बोलणारा प्रोग्राम) चालवून "डेटाबेस तर व्यवस्थित चालू आहे" असा निर्वाळा देणारे कितीतरी जाणकार मी पाहिले आहेत, आणि अनेक वर्षे मीही तेच करत होतो. टर्मिनलवरचा क्लायंट वेगळ्या वापरकर्त्याच्या अधिकाराने, वेगळ्या सेटिंगने आणि पुष्कळदा वेगळ्या सॉकेटमधून (एकाच यंत्रावरच्या प्रोग्रामना जोडणाऱ्या खास फाइलमधून) जातो. टर्मिनलवर चालणारा पीएचपीसुद्धा अनेक ठिकाणी वेबसर्व्हरच्या पीएचपीहून वेगळी आयएनआय फाइल वाचतो. होस्टिंगच्या पॅनेलमधले पीएचपीमायॲडमिन हे डेटाबेस पाहण्याचे साधनही अनेक ठिकाणी पॅनेलच्या स्वतःच्या तात्पुरत्या वापरकर्त्याने आत शिरते, म्हणून त्यातून तक्ते दिसले म्हणजे आपल्या स्क्रिप्टचा वापरकर्ता आणि पासवर्ड बरोबर आहेत असे मुळीच ठरत नाही.

हा फरक मला ज्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला, तो दिवस सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गणपती पेठेत शिरले, तेव्हा आमच्या तेथील कार्यालयातला सर्व्हरही पाण्याखाली गेला. बॅकअप वरच्या मजल्यावर होता म्हणून नोंदी वाचल्या. त्यानंतर मालकांनी ठरवले की यापुढे काहीही सांगलीच्या तळमजल्यावर ठेवायचे नाही, आणि वेबसर्व्हर व डेटाबेस भाड्याने घेतलेल्या दोन वेगवेगळ्या सर्व्हरवर गेले. स्थलांतर झाले, सर्व चाचण्या मी टर्मिनलवरून केल्या आणि निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावरच्या माणसाचा फोन आला, "सर, गाडी काट्यावर हुबी हाय आन् पावती निघंना." स्क्रिप्टच्या लॉगमध्ये, म्हणजे तिच्या नोंदींच्या फाइलमध्ये, २००२ क्रमांकाची एरर होती, पण तिच्यापुढचा मजकूर आमच्या स्क्रिप्टने गाळून टाकला होता, त्याऐवजी "तांत्रिक अडचण, पुन्हा प्रयत्न करा" असे मीच कधीतरी लिहून ठेवलेले वाक्य होते. वेबसर्व्हरच्या टर्मिनलवरून मायएसक्यूएलचा क्लायंट चालवला तर जोडणी क्षणात होत होती. पासवर्ड तोच, सर्व्हरचा पत्ता तोच, पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) ३३०६ तेच. दीड तास मी पासवर्ड बदलून पाहिले, पोर्ट तपासले, डेटाबेस दोनदा बंद करून चालू केला.

शेवटी ॲडमिनरची फाइल स्क्रिप्टच्या शेजारी ठेवली आणि तेच तपशील चौकटीत भरले. लाल पट्टीत दोन शब्द आले : "परमिशन डिनाइड". ॲक्सेस डिनाइड नव्हे, परमिशन डिनाइड. ॲक्सेस नाकारतो तो डेटाबेस. परमिशन नाकारते ती ऑपरेटिंग सिस्टीम. नव्या सर्व्हरवर रेड हॅट घराण्यातले लिनक्स होते आणि त्यावर एसईलिनक्स ही सुरक्षा-यंत्रणा चालू होती. तिच्या मूळ नियमांनुसार वेबसर्व्हरच्या प्रक्रियेला दुसऱ्या यंत्रावरच्या डेटाबेसशी बोलण्याची मुभा नसते. मी टर्मिनलवर बसलो तेव्हा मी वेबसर्व्हर नव्हतो, म्हणून मला मुभा होती. "एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट डीबी" या नावाचा खटका कायमस्वरूपी चालू करण्याचा एक आदेश दिला आणि पुढच्याच मिनिटाला काट्यावर पावती छापली गेली. ऑडिट लॉगमध्ये ही नोंद पहिल्यापासून होती; पण कोणता लॉग उघडायचा हे कळण्यासाठी आधी ते दोन शब्द दिसावे लागले. डेटाबेसच्या ड्रायव्हरकडून आलेला मजकूर ॲडमिनर जसाच्या तसा दाखवते, त्यावर स्वतःचे गोड शब्द चढवत नाही. त्या दिवसापासून मला तिचा हा गुण सर्वांत मोठा वाटतो.

जोडणीच्या एरर ज्यांना वाचता येतात, त्यांना ॲडमिनरचा दुप्पट उपयोग होतो, म्हणून त्या वाचण्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. २००२ क्रमांकाच्या एकाच एररखाली किमान चार वेगवेगळी दुखणी असतात. "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" असा मजकूर आला तर गोंधळ सॉकेटच्या फाइलचा असतो. लिनक्सवर सर्व्हरच्या रकान्यात लोकलहोस्ट (म्हणजे हेच यंत्र) लिहिले की पीएचपीचा ड्रायव्हर नेटवर्कवरून जातच नाही, तो युनिक्स सॉकेट शोधतो, १२७.०.०.१ हा त्याच यंत्राचा आकडी पत्ता लिहिला तर मात्र तो टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने, ३३०६ पोर्टकडे जातो. पुष्कळांना हे दोन शब्द समानार्थी वाटतात आणि त्यातच त्यांचा दिवस जातो. ॲडमिनरमध्ये आधी एक, मग दुसरा असे दोन वेळा लॉगिन करून पाहिले की निवाडा होतो. १२७.०.०.१ ने जोडणी झाली आणि लोकलहोस्टने झाली नाही, तर डेटाबेस जिवंत आहे, फक्त त्याचा सॉकेट पीएचपीला वाटते त्या ठिकाणी नाही. सर्व्हरच्या रकान्यात विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे देऊन सॉकेटचा पूर्ण मार्गही लिहिता येतो, त्यामुळे स्क्रिप्टला हात न लावता योग्य मार्ग कोणता याची खात्री करून घेता येते.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" हा मजकूर लगेच येतो, आणि तो लगेच आला हीच त्यातली माहिती असते. समोरचे यंत्र जागे आहे, पण त्या पत्त्यावर त्या पोर्टपाशी कोणीही ऐकत बसलेले नाही, असा त्याचा अर्थ. उबंटूच्या पॅकेजमधून बसवलेला मायएसक्यूएल सेटिंगमध्ये बाइंड-ॲड्रेस (कोणत्या पत्त्यावर ऐकायचे ते) १२७.०.०.१ असा घेऊन येतो, म्हणून दुसऱ्या यंत्रावरून आलेल्या प्रत्येकाला तो असाच परतवतो. याउलट लॉगिनचे बटण दाबल्यावर पान नुसतेच फिरत राहिले आणि मिनिटभराने "टाइम्ड आउट" असे आले, तर मध्ये कुठेतरी फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी व्यवस्था) बसलेली आहे आणि ती उत्तर न देता डेटाची पाकिटे गिळते आहे, असे समजावे. नकार लगेच मिळाला की उशिरा, हे मी आता घड्याळ लावून पाहतो, आणि आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनाही आधी तेच पाहायला सांगतो.

१०४५ क्रमांकाची "ॲक्सेस डिनाइड" ही एरर सर्वांत परिचित, आणि माझ्या मते सर्वांत अधिक चुकीची वाचली जाणारी. ती दिसताच लोक पासवर्ड बदलायला धावतात. वास्तविक त्या वाक्यात तीन गोष्टी दिलेल्या असतात : वापरकर्त्याचे नाव, डेटाबेसला तो कोणत्या होस्टवरून (यंत्रावरून) आलेला दिसला ते, आणि शेवटी कंसात पासवर्ड वापरला की नाही ते. हा शेवटचा तपशील सोन्यासारखा आहे. "यूझिंग पासवर्ड : नो" असे स्क्रिप्टच्या लॉगमध्ये दिसले, तर स्क्रिप्टने पासवर्ड पाठवलेलाच नाही, सेटिंगची फाइल वाचली गेली नाही किंवा चलाचे (व्हेरिएबलचे) नाव चुकले. अशा वेळी डेटाबेसकडे पाहण्याचेही कारण नाही. "येस" दिसत असेल आणि तोच पासवर्ड ॲडमिनरमध्ये चालत असेल, तर पासवर्ड स्क्रिप्टमध्ये पोचेपर्यंत बदलला आहे.

मागील वर्षी आमच्याकडे नेमके असेच झाले. नव्या पासवर्डच्या मध्यभागी डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे चार अक्षरे होती. स्क्रिप्टमध्ये तो दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिला गेला होता. पीएचपीला दुहेरी अवतरणांत डॉलर दिसला की तो पुढच्या अक्षरांना चल समजतो. असा चल कोठेच नसल्याने त्या जागी काहीच उरले नाही, आणि अर्धा पासवर्ड डेटाबेसकडे गेला. ॲडमिनरच्या चौकटीतून पूर्ण पासवर्ड गेला, म्हणून ती आत शिरली. दोघी एकाच वाटेने गेल्या, एक पोचली आणि एक अडली, तेव्हा पाहण्याजोगी जागा एकच उरली : स्क्रिप्टमधली ती ओळ. एकेरी अवतरणचिन्हे घातली आणि काम सुरू झाले. याच संदर्भात ॲडमिनरचा एक बारकावा मला मनापासून आवडतो. पासवर्डच्या आरंभी किंवा शेवटी रिकामी जागा राहिली असेल, तर नकार दाखवताना ती जागा कारण असू शकते असे ती स्वतःहून सुचवते. व्हॉट्सॲपवर आलेला पासवर्ड चिकटवणाऱ्यांच्या बाबतीत ही सूचना किती वेळा उपयोगी पडते, हे अशा कामात असणाऱ्यांना सांगायला नको.

आत शिरल्यानंतर पहिल्या पानावर दोन ओळी असतात आणि बहुतेक जण त्यांच्याकडे न पाहताच पुढे जातात. एका ओळीत डेटाबेसची आवृत्ती आणि तो कोणत्या पीएचपी एक्स्टेन्शनमार्फत जोडला गेला ते असते. दुसरीत आपण कोणत्या नावाने आणि कोणत्या होस्टवरून आत आलो ते. मायएसक्यूएलमध्ये वापरकर्ता म्हणजे केवळ नाव नव्हे, तर नाव आणि होस्ट यांची जोडी. एकाच नावाची दोन खाती, एक लोकलहोस्टसाठी आणि दुसरे टक्क्याच्या चिन्हाने दाखवलेल्या कोणत्याही होस्टसाठी, वेगवेगळ्या पासवर्डांसह सुखाने नांदू शकतात. पहिल्या पानावर दिसते ते आपण सांगितलेले नाव असते. डेटाबेसने आपल्याला प्रत्यक्षात कोणत्या खात्यात बसवले ते पाहायचे असेल, तर एसक्यूएल कमांडच्या चौकटीत "सिलेक्ट करंट यूझर" हा प्रश्न विचारावा. दोन उत्तरे निराळी आली तर अधिकार कोठे अडले ते लगेच उमगते. जुन्या बसवणुकींत लोकलहोस्टसाठी एक निनावी खाते राहून गेलेले असते. होस्टचा तपशील जितका नेमका तितके ते खाते आधी तपासले जात असल्याने, टक्क्याच्या खात्याने येऊ पाहणारा वापरकर्ता लोकलहोस्टवरून आल्यास त्या निनावी खात्याशी जुळवला जातो आणि त्याचा बरोबर पासवर्डही नाकारला जातो. या एका कारणाने एका परिचिताच्या मिरजेतील औषध दुकानाची बिले दोन दिवस हाताने लिहिली जात होती. ते निनावी खाते काढून टाकल्यावर प्रश्न मिटला.

सौद्याच्या दिवसांत मात्र वेगळाच त्रास होतो. त्या दिवशी बागायतदार मोबाइलवरून आपला शिल्लक माल पाहतात, अडते जावकीच्या चिठ्ठ्या काढतात, आणि एखाद्या दुपारी "टू मेनी कनेक्शन्स" अशी १०४० क्रमांकाची एरर येते. मायएसक्यूएलमध्ये एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा मुळात १५१ असते. अपाचे या वेबसर्व्हरचा प्रीफोर्क हा प्रकार मुळात २५६ विनंत्या एका वेळी हाताळू शकतो. प्रत्येक विनंतीने एक जोडणी उघडली, तर हे दोन आकडे एकमेकांशी जमत नाहीत हे कागदावरच दिसते. तरीही अनेक ठिकाणी दोन्ही आकडे जसेच्या तसे ठेवलेले असतात. ॲडमिनरच्या प्रोसेस लिस्टमध्ये त्या क्षणी उघड्या असलेल्या सर्व जोडण्या ओळीने दिसतात, कोण कोठून आला, किती सेकंदांपासून काय करतो आहे तेही दिसते, आणि नको असलेल्या ओळीवर खूण करून ती जोडणी तोडता येते. आमच्या यादीत शंभराहून अधिक ओळी "स्लीप" अवस्थेत होत्या. स्क्रिप्टने पर्सिस्टंट जोडणी मागितली होती, म्हणजे काम झाल्यावरही प्रत्येक पीएचपी प्रक्रिया आपली जोडणी धरून बसत होती. मर्यादेचा आकडा वाढवण्याचा सल्ला आम्हाला दोघातिघांनी दिला होता. तो ऐकला असता तर झोपलेल्या जोडण्या दुप्पट झाल्या असत्या आणि दुखणे लांबणीवर पडले असते. मी पर्सिस्टंटचा पर्याय काढून टाकला आणि अपाचेचा आकडा खाली आणला.

येथे ॲडमिनरची एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सर्व जोडण्या भरलेल्या असताना ॲडमिनरलाही आत जागा मिळत नाही. अशा प्रसंगासाठी मायएसक्यूएल प्रशासकाच्या अधिकाराच्या खात्याला एक जादा जोडणी राखून ठेवतो. पण स्क्रिप्टच रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, खात्याने चालत असेल, तर ती राखीव खुर्चीही स्क्रिप्टने आधीच बळकावलेली असते. स्क्रिप्टला स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचे खाते द्यावे असे सर्वत्र सांगितले जाते ते सुरक्षिततेसाठी. माझ्या अनुभवात ही राखीव जागा मोकळी राहणे हा त्याचा तितकाच मोठा लाभ आहे.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक उपयोग आहे, आणि त्याची चर्चा मला फारशी कुठे दिसली नाही. बागायतदाराचे नाव पावतीवर प्रश्नचिन्हांच्या माळेसारखे छापले जाते, ही तक्रार मूलतः जोडणीचीच असते. डेटाबेसमध्ये तक्ता यूटीएफ८एमबी४ या देवनागरीही सामावणाऱ्या अक्षरसंचाचा असूनही स्क्रिप्टने जोडणी उघडताना आपला अक्षरसंच सांगितला नाही, तर देवनागरी अक्षरे वाटेत गळतात. ॲडमिनर स्वतः जोडणी करताना यूटीएफ८एमबी४ मागते. त्यामुळे तिच्या पानावर नाव शुद्ध दिसले आणि पावतीवर प्रश्नचिन्हे आली, तर साठवण नीट आहे आणि वाचणाऱ्या स्क्रिप्टच्या जोडणीला अक्षरसंच द्यायचा राहिला आहे. ॲडमिनरमध्येच प्रश्नचिन्हे दिसली, तर नाव साठवतानाच नष्ट झाले. ते पुन्हा मिळणार नाही, कागदी पावतीवरूनच भरावे लागेल. तिसरा प्रकार फसवा असतो : पावतीवर नाव शुद्ध, पण ॲडमिनरमध्ये "à¤" अशा चिन्हांचा कचरा. तेथे चुकीच्या अक्षरसंचाने लिहिले गेले आणि त्याच चुकीच्या अक्षरसंचाने वाचले जात आहे, म्हणून वरवर सर्व ठीक वाटते. अशा तक्त्यावर काम करणाऱ्या स्क्रिप्टची जोडणी कोणी घाईने "दुरुस्त" केली, तर आजवरची सगळी नावे एका दिवसात बिघडलेली दिसू लागतात. आधी नोंदी बदलून घ्याव्या लागतात, मग जोडणी.

पीएचपीची आवृत्ती बदलल्यानंतरच्या बिघाडातही ॲडमिनर कामाला येते, मात्र तेथे फार सांगण्याजोगे नाही. जुने मायएसक्यूएल एक्स्टेन्शन २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये काढून टाकले गेले, त्यामुळे त्यावर बेतलेल्या स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर पहिल्याच ओळीला कोसळतात. नव्या सर्व्हरवर मायएसक्यूएलआय किंवा पीडीओचे एक्स्टेन्शन बसवायचे राहून गेले असेल, तर ॲडमिनर जोडणीचा प्रयत्न न करताच कोणती एक्स्टेन्शने हवी होती त्यांची नावे घेऊन थांबते. मायएसक्यूएल ८ ने पासवर्ड पडताळण्याची मूळ पद्धत बदलली, तेव्हा जुन्या पीएचपीला ती पद्धत ठाऊक नसल्याची एरर येऊ लागली. तीही ॲडमिनरमध्ये तशीच्या तशी दिसते.

आता उणिवा. पासवर्ड नसलेल्या डेटाबेसशी जोडणी करायला ॲडमिनर मूळ स्वरूपात नकार देते. हे धोरण योग्य आहे, यात मला शंका नाही. पण घरच्या संगणकावर झॅम्प (वेबसर्व्हर, पीएचपी व डेटाबेस यांचा तयार संच) बसवून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या रूट खात्याला मुळात पासवर्डच नसतो, त्यामुळे त्याच्या पहिल्याच प्रयत्नाला नकार मिळतो आणि तो डेटाबेसलाच दोष देतो. रूटला पासवर्ड ठरवून घ्यावा, हा त्यावरचा सरळ उपाय. दुसरी उणीव मधूनच तुटणाऱ्या जोडण्यांची. आमची भाडे-आकारणीची स्क्रिप्ट रात्री चालते, जोडणी उघडून बराच वेळ हिशोब करत राहते, आणि पुन्हा लिहायला जाते तेव्हा कधीकधी "सर्व्हर हॅज गॉन अवे" अशी २००६ क्रमांकाची एरर येत असे. ॲडमिनर दर पानाला नवी जोडणी उघडते, म्हणून हा बिघाड तिच्यात कधीच प्रकट होत नाही आणि सारे काही आलबेल असल्याचा भास होतो. तिच्या व्हेरिएबल्सच्या पानावर वेट टाइमआउटचा आकडा मात्र पाहता येतो. तो मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास असतो. आमच्या भाड्याच्या सर्व्हरवर तो पाच मिनिटांवर आणून ठेवलेला आढळला. स्क्रिप्टने हिशोब संपवून मग जोडणी उघडावी असा बदल केल्यावर रात्रीचे काम सुरळीत झाले.

तिसरी बाब उणिवेपेक्षा धोक्याची आहे. ॲडमिनर ही वेबवर उघडी राहणारी डेटाबेसची किल्ली आहे. २०१८ मधील ४.६.३ आवृत्तीच्या आधीच्या फाइलींमध्ये असा दोष होता की, बाहेरचा मनुष्य तुमच्या ॲडमिनरला स्वतःच्या बनावट डेटाबेस सर्व्हरशी जोडणी करायला लावून तुमच्या सर्व्हरवरच्या फाइली वाचू शके, आणि त्यांत पासवर्ड असलेली सेटिंगची फाइलही येत असे. पुढे २०२१ मध्ये उघड झालेला आणखी एक दोष ४.७.९ मध्ये बुजवला गेला. म्हणून जुनी फाइल कुणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नये, अधिकृत संकेतस्थळावरून ताजी घ्यावी. केवळ मायएसक्यूएलपुरती आणि केवळ इंग्रजीतली लहान फाइल तेथे मिळते, जोडणी तपासायला तेवढी पुरते. फाइलचे नाव बदलून ठेवावे, आपल्या आयपी पत्त्याखेरीज इतरांना ती उघडता येणार नाही असा नियम वेबसर्व्हरवर लावावा, आणि बिघाड सापडताच ती काढून टाकावी. ज्यांना कायमस्वरूपी, अनेक जणांनी वापरायचे साधन हवे आहे त्यांनी पीएचपीमायॲडमिन किंवा संगणकावर बसणारा एखादा क्लायंट वापरावा. ॲडमिनर सर्व्हरवर वर्षानुवर्षे ठेवून देण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

काढून टाकायचे विसरणे ही मात्र माणसाची सवय आहे. बिघाड सापडला की गाड्या सोडण्याची घाई असते आणि फाइल तशीच राहते. शीतगृहाच्या खोल्यांचे तापमान रोज संध्याकाळी ज्या वहीत लिहिले जाते, त्या वहीत आता एक जादा रकाना आखून घेतला आहे : "ॲडमिनर काढले का?" काट्यावरचा माणूस मला फोन करून विचारतो, "सर, ती फाइल काढली का ओ?", आणि माझे उत्तर ऐकल्याशिवाय सही करत नाही.